दोन्ही काठांचे मामा

नवीन माणूस भेटला की आपण विचारतो, तुम्ही कुठले? लिआनमामा तसं विचारत नसत. तुमच्या गावाला नदी आहे का, आणि असली तर तुमचं घर कुठल्या काठाला, असं ते विचारायचे. सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या ऑफिसात मी नवीन लागले होते तेव्हा पॅन्ट्रीत चहा करता करता त्यांनी मला हेच विचारलं. मी सांगितलं, माहेर सांगलीचं, नदी कृष्णा, आणि आमचं घर सांगलवाडीला, म्हणजे पुलापलीकडे.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "अलीकडच्या लोकांशी तुमचं बरं आहे ना?"

मला हसू आलं. आमची शाळा, दवाखाना, बाजार सगळं पूल ओलांडूनच होतं; भांडण कसलं असणार? लग्नंसुद्धा या काठाची त्या काठाला होतात, असं मी म्हटलं.

"लग्नं आमच्याकडेही होतात," ते म्हणाले. "म्हणून तर विचारलं."

हा माणूस चेष्टा करतोय की खरंच काळजीनं विचारतोय, ते मला कळेना. नंतर कळलं की ते चेष्टा फारशी करतच नाहीत.

आमची कंपनी दुसऱ्यांच्या मालकीच्या जहाजांची देखभाल करायची. मी सुटे भाग मागवण्याच्या विभागात, आणि ते टेक्निकल सुपरिंटेंडंट. चीफ इंजिनिअर म्हणून अर्धं आयुष्य बोटीवर काढून किनाऱ्याला आलेले, पण मूळचा माणूस डोंगरातला. म्यानमारच्या पश्चिमेला, आपल्या मिझोरामला लागून, चिन डोंगर आहेत. त्यातल्या एका खोऱ्यात ते वाढले. शिकायला रंगूनला येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पलीकडचा काठ दिसेना, म्हणून बरं वाटलं."

त्यांचं नाव लिआन. त्यांच्या लोकांत आडनाव नसतं. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी 'पू' लावतात, आणि मामालाही 'पू'च म्हणतात. ऑफिसातली त्यांच्याकडची एकदोन मुलं त्यांना 'पू लिआन' म्हणायची. मराठी कानाला ते काही पेलवेना. मी कारण सांगितलं तेव्हा ते मान खाली घालून, खांदे हलवत, आवाज न करता बराच वेळ हसले. मग मी सरळ त्यांचा मामा केला. 'मामा करणं' म्हणजे आमच्याकडे काय, हेही सांगितलं. ते म्हणाले, "चालेल. आमच्याकडेही शेवटी तेच होतं." ते मला 'मा वैशाली' म्हणायचे. ब्रह्मी रिवाजाप्रमाणे बाईच्या नावाआधी 'मा' लावतात, ताई म्हटल्यासारखं.

आम्ही दोघंही बुकित पंजांगला राहायचो, शेजारशेजारच्या ब्लॉकमध्ये, त्यामुळे संध्याकाळी एलआरटीत, तिथल्या छोट्या मेट्रोत, बऱ्याचदा बरोबर असायचो. त्यांच्या बायकोचं नाव सुई. त्यांच्या भाषेत सुई म्हणजे सोनं. मामी बुटक्या, गोऱ्या, भराभर बोलणाऱ्या. मामा उंच, सावकाश. मामी एखाद्याबद्दल तक्रार करू लागल्या की मामा विचारायचे, "त्याचं म्हणणं काय होतं?" मामींचा यावर मोठा राग. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एकदाही माझ्या बाजूनं बोलला नाही, असं त्या मला स्वयंपाकघरात सांगायच्या. बाहेरून मामांना ऐकू जायचंच.

बाजू न घेणं हा त्यांचा स्वभाव होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. ती त्यांनी अंगी बाणवलेली गोष्ट होती, आणि तिचे त्यांना कष्ट पडत. ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये चिकन राइसचे दोन स्टॉल शेजारी शेजारी होते. मामा आज एकाकडे जेवले तर उद्या दुसऱ्याकडे. दुसऱ्याचा भात चिकट असतो हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, मामा, त्या बाईला काय कळतंय तुम्ही काल कुठे जेवलात ते? ते म्हणाले, शेजाऱ्याला सगळं कळतं.

त्यांचं खोरं मी कधी पाहिलेलं नाही, पण ते मला तोंडपाठ आहे. मधून नदी. वरच्या अंगाला काही गावं, खालच्या अंगाला काही गावं, आणि बरोबर मध्ये एक लोखंडी पूल. वरची गावं नदीच्या एका काठाला, खालची दुसऱ्या. वरच्यांची बोली वेगळी, खालच्यांची वेगळी. आपली कोल्हापुरी आणि मालवणी म्हणा. एकमेकांचं कळतं, पण बोलताना जो तो आपलीच बोलतो. मामा वरच्या गावात जन्मले. आई खालच्या गावची. धाकटा भाऊ थांग वरच्या गावात हेडमास्तर होता. बहीण खाली दिली होती. तिचा नवरा बिआक मालवाहू गाड्यांचा धंदा करायचा. थांग आणि बिआक एका वर्गात होते, आणि बिआकचं स्थळही थांगनंच बहिणीसाठी आणलं होतं.

याच सुमारास आमच्याकडे एक गंमत झाली, म्हणजे मी ती गंमत म्हणून मामांना सांगितली. आमचं एक छोटं मंडळ होतं, सिंगापूरच्या या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांचं. गणपतीच्या आधी अध्यक्ष कोण यावरून वाद झाला आणि बघता बघता पुण्याकडचे आणि मुंबईकडचे असे तट पडले. शेवटी दोन गणपती बसले, एक आमच्या बाजूला, एक सेरंगूनला. एलआरटीत उभ्या उभ्या मी नकला करून सांगत होते. मामा हसले नाहीत.

"'आपले लोक' हा शब्द पहिल्यांदा कोणी वापरला?" त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. ज्यांना अध्यक्ष व्हायचं होतं त्या दोघांनी नव्हता वापरला. आमच्यातला एक फार गोड बोलणारा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस होता, तो सहज म्हणाला होता, की आपले लोक जास्त काम करतात.

"तोच," मामा म्हणाले. "त्याला काही नको असतं. म्हणून सगळे त्याचं ऐकतात."

त्या वर्षी ते दोन्ही गणपतींना आले, मामींना घेऊन. दोन्हीकडे त्यांनी सारखेच मोदक खाल्ले. परतताना मला म्हणाले, "तुमच्याकडे बंदुका नाहीत, म्हणून दोन गणपती झाले. चांगली सोय आहे."

मी ते वाक्य घरी सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं.

मग म्यानमारमध्ये सैन्यानं सरकार ताब्यात घेतलं. रंगूनमध्ये मोर्चे निघाले, गोळीबार झाला, आणि काही महिन्यांतच चिन डोंगरातले लोक शिकारीच्या बंदुका घेऊन सैन्यासमोर उभे राहिले. मामांच्या खोऱ्यात हेडमास्तर थांग वरच्या गावांचा पुढारी झाला, बिआक खालच्या. दोघं मिळून लढत होते. बिआकच्या गाड्यांतून वरची पोरं खाली यायची, थांगच्या शाळेत खालच्या जखमींवर उपचार व्हायचे. मामी रोज फोनवर फोटो दाखवायच्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

एक दिवस बातमी आली की सैन्य खोऱ्यातली चौकी सोडून गेलं. मामींनी चिकट भाताचे गोड लाडू केले आणि त्यांच्या आणि आमच्या मजल्यावर सगळ्यांना वाटले. खाली बाकावर मामा बसले होते, मी त्यांचं अभिनंदन करायला गेले. त्यांनी लाडू हातातच धरला होता.

"चौकी रिकामी झाली," ते म्हणाले. "आता तिथं कोण बसणार?"

मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, सवयच झाली आहे काळजीची. पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. चौकी होती पुलाशी. पहिल्या पावसाळ्याच्या आत पुलाच्या वरच्या टोकाला थांगच्या माणसांनी फाटक बसवलं, आणि खालच्या टोकाला बिआकच्या.

दोघांचंही म्हणणं मामा मला समजावून सांगायचे, आणि गंमत अशी की ज्याचं सांगत असतील त्याचंच मला पटायचं. थांग म्हणायचा, आम्ही इतकी वर्षं दूरच्या राजधानीची हुकमत सोसली, ती काय डोंगरातच दुसरी राजधानी करण्यासाठी? ज्याच्या त्याच्या गावाचा कारभार ज्याच्या त्याच्या हातात असू दे. बिआक म्हणायचा, खोऱ्याखोऱ्यात वेगळे पुढारी राहिले तर सैन्य एकेकाला गाठून मारेल. सगळ्या डोंगरांचं एक सरकार हवं, एक सेनापती हवा. थांगच्या मते बिआकला स्वतःलाच सेनापती व्हायचं होतं. बिआकच्या मते थांगला हेडमास्तरची खुर्ची सुटत नव्हती.

इथल्या नियमाप्रमाणे परक्या देशाचं राजकारण सिंगापूरमध्ये आणायचं नाही. मामा या बाबतीत फार जपून असायचे. ना कुठल्या सभेला गेले, ना फेसबुकवर काही लिहिलं. मी राजकारण करत नाही, घरच्यांशी बोलतो, असं ते म्हणत. पण त्या खोऱ्यात राजकारण म्हणजे घरचीच माणसं होती.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे थालीपीठं घेऊन गेले. मामींनी दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. मामा जेवणाच्या टेबलापाशी बसले होते, चर्चचे कपडे अजून अंगावर होते. समोर दोन फोन, स्पीकर लावून, शेजारी शेजारी ठेवलेले. एकात थांग, एकात बिआक. एका कॉलवर यायला दोघंही तयार नव्हते. त्याच्याशी मी बोलणार नाही, दादाशी बोलेन, असं दोघांचं म्हणणं. म्हणून मामांनी दोघांना वेगवेगळा फोन लावला होता. थांग आपल्या बोलीत काहीतरी म्हणायचा. ते दुसऱ्या फोनमध्ये स्वच्छ ऐकू जायचं आणि बिआकला कळायचंही. तरी तो गप्प राहायचा. मग मामा तेच वाक्य बिआकच्या बोलीत पुन्हा म्हणायचे, आणि मग बिआक उत्तर द्यायचा. त्याचं उत्तर मामा थांगच्या बोलीत सांगायचे. मामी माझ्या कानाशी कुजबुजत मला सांगत होत्या काय चाललंय ते.

मामा म्हणत होते, दोन्ही फाटकं काढा. पुलावर कोणीच बसू नका. नाहीतर एका फाटकावर दोघांची माणसं बसवा. थांग म्हणाला, आधी त्यांनी काढावं. मामांनी ते सांगितलं. बिआक म्हणाला, आधी त्यांनी काढावं. मामांनी तेही सांगितलं, तितक्याच शांतपणे, जणू ते नवीनच काहीतरी होतं.

मग बिआक काहीतरी बोलला आणि मामा थांबले. त्यांनी ते थांगला सांगितलं नाही. पण थांगनं ऐकलंच होतं. त्याचा फोन बंद झाला. दुसऱ्या फोनवरून बिआक बोलत राहिला, आणि मामा बंद पडलेल्या फोनकडे बघत ऐकत राहिले.

बिआक काय म्हणाला, ते मी मामींना विचारलं. "आपले लोक," मामी म्हणाल्या. "आपले लोक आता फार सहन करणार नाहीत, असं म्हणाला."

त्यानंतर दोघांकडूनही मामांना एकच निरोप यायला लागला. खोऱ्यासाठी एक समिती करू, तिचा अध्यक्ष दादांना करू, मग आम्ही ऐकू. बाकी कशावरही एकमत नव्हतं, पण या एका नावावर होतं. मामी म्हणायच्या, नाही म्हणा. माझी मुलगी म्हणाली, "बट अंकल, बोथ साइड्स लाइक यू, जस्ट से येस लाह." तिच्या डोक्यावर हात ठेवून मामा म्हणाले की दोन्हीकडच्यांना मी आवडतो, कारण मी तिथे नाही.

ते बरेच महिने नाही म्हणत राहिले. मला एकदा म्हणाले होते, की एअरकंडिशनमध्ये बसून दुसऱ्याच्या पोरांना लढा म्हणणं सोपं, आणि लढू नका म्हणणंही तितकंच सोपं. अशा माणसानं पुढारी होऊ नये. त्यांचं वजन उतरत चाललं होतं. एलआरटीत उभे असताना खिशातला फोन वाजला की ते लगेच काढत नसत. आधी डोळे मिटून घेत.

बातमी आली तेव्हा आम्ही मीटिंगमध्ये होतो. एका जहाजाचा बॅलास्ट पंप बिघडला होता आणि त्याचे भाग कुठल्या बंदरात पाठवायचे याची चर्चा चालली होती. मामांनी फोन पाहिला, उलटा करून टेबलावर ठेवला, आणि आपलं म्हणणं पूर्ण केलं. पंपाबद्दलचे सगळे निर्णय झाले. मग ते उठले, साहेबांना म्हणाले, मला आज घरी जावं लागेल. माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी पर्स घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

स्टेशनकडे चालताना त्यांनी सांगितलं. पुलावर गोळीबार झाला होता. एक गाडी खालून वर चालली होती, औषधं घेऊन. वरच्या फाटकावर थांबायला सांगितलं, ती थांबली नाही म्हणे, किंवा थांबली होती. लोक दोन्ही तऱ्हेनं सांगत होते. गाडीत व्हान होता. व्हान म्हणजे बिआकचा मुलगा, मामांचा भाचा. रंगूनला नर्सिंग शिकून परत गेलेला. ज्यांनी गोळी झाडली ते थांगचे लोक. थांगही व्हानचा मामाच.

कंसमामा हा शब्द माझ्या मनात आला आणि मलाच कसंतरी झालं. थांग काही कंस नव्हता. तो त्या वेळी तिथे नव्हताही. तो हेडमास्तर होता, आणि गोळी झाडणारी पोरं त्याच्या शाळेतली होती.

प्लॅटफॉर्मवर गाडी आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली. मामा चढले नाहीत.

"सैन्यानं मारलं असतं, तर बहिणीला काय म्हणायचं ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "इतक्या घरांत तेच बोललोय मी. आता काय बोलू?"

बहिणीचा फोन संध्याकाळी आला. मामी सांगत होत्या की ती रडली नाही. त्यांच्याकडे रीत आहे, भाच्याच्या मातीला मामानं यावंच लागतं. मामा आल्याशिवाय माती देत नाहीत. तिनं विचारलं, थांग तर येऊ शकत नाही, आला तर इथले लोक त्याला मारतील. तू येणार का? आणि आलास तर कुठल्या घरून येणार, आईच्या की बापाच्या?

मामा वेळेत पोहोचणं शक्यच नव्हतं. माती त्यांच्याशिवाय झाली. त्यांच्या जागी बिआकच्या घरातल्या एका म्हाताऱ्यानं मामाचा मान घेतला, आणि हे थांगच्या बाजूला कळलं तेव्हा त्यांनी तोही अपमान मानला.

पुढच्या आठवड्यात मामांनी राजीनामा दिला. नोकरीचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, रद्द झाला की परत यायची वाट बंद, कारण त्यांचा पासपोर्टही संपत आला होता आणि त्यांच्या वकिलातीत तो नवा करून मिळेल अशी काही आशा नव्हती. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आमच्या साहेबांनी समजावलं, चर्चच्या पाद्र्यांनी समजावलं. मामींनी समजावलं नाही. त्यांनी भांडी वाटून टाकायला सुरुवात केली. कलकत्त्यामार्गे मिझोरामात ऐझॉलला जायचं, मामींनी तिथे नातेवाइकांकडे राहायचं, आणि मामांनी सीमेवरची नदी ओलांडून पलीकडे उतरायचं, असं ठरलं.

मी त्यांना विचारलं, तुम्ही जाऊन करणार काय? मला राग आला होता खरं तर. स्वतःच्या घरचं पोर गेलं तरी दोन्हीकडचे थांबले नाहीत, ते यांचं काय ऐकणार होते?

"ऐकतील असं नाही," ते म्हणाले. "पण माझ्यासमोर बोलावं लागेल त्यांना. फोनवर माणूस जे बोलतो ते समोर बोलवत नाही."

चांगी विमानतळावर मी आणि माझे यजमान सोडायला गेलो. मामींचे डोळे सुजले होते. मामा नेहमीसारखे, शर्टाला कडक इस्त्री. आत जाण्याआधी ते मला म्हणाले, "मा वैशाली, माझ्या जागी कोणी नवीन येईल, त्याला त्या पंपाचं सांग. ते सील पुन्हा फाटेल." मी हो म्हटलं. मग ते गेले.

त्यानंतरचं मला मामींकडून कळत गेलं, ऐझॉलहून. मामा सुखरूप उतरले. आधी ते बहिणीकडे गेले नाहीत आणि भावाकडेही नाही. पुलापाशी सैन्याची जी रिकामी चौकी होती, तिच्या ओसरीवर जाऊन बसले. दोन्हीकडून बोलावणी आली, ते हलले नाहीत. बहीण स्वतः चालत आली, त्यांच्याजवळ बसली. दुसऱ्या दिवशी थांग आला. बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण उठूनही गेली नाही. बिआक यायला बरेच दिवस लागले.

समिती झाली. मामा अध्यक्ष झाले. दोन्ही फाटकं एकाच सकाळी काढली. गोळी कोणी झाडली याची चौकशी करायचं ठरलं, पण चौकशीला दोन्हीकडची माणसं किती असावीत यावर ते अडलं आणि अडूनच राहिलं. मामा चौकीतच राहायला लागले. पहारा कोणाचा ठेवायचा हा प्रश्न होता. वरच्यांचा ठेवला तर खालच्यांना संशय, खालच्यांचा ठेवला तर वरच्यांना. त्यामुळे पहाराच नाही. मामी म्हणायच्या, अख्ख्या खोऱ्यात दाराला पहारा नसलेला पुढारी एकच आहे, आणि तो माझा नवरा आहे. हे त्या अभिमानानं म्हणत होत्या की भीतीनं, ते आवाजावरून कळत नव्हतं. मध्येच त्या सांगायच्या की चौकीच्या भिंतीवर कोणीतरी घाण लिहून गेलं. एकदा सांगितलं, मामांचं कुत्रं मेलेलं सापडलं. कोणी मारलं ते मामांनी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर दोन्हीकडून उत्तर आलं असतं.

मामांचा मला व्हिडिओ कॉल आला तो भर दुपारी. मी ऑफिसात डबा खात होते. त्यांच्याकडे उपग्रहाचं इंटरनेट होतं, चित्र बऱ्यापैकी स्वच्छ होतं. दाढी वाढलेली, गाल बसलेले, अंगावर मात्र तोच इस्त्रीचा शर्ट. तिथे इस्त्री कशी करत होते देव जाणे. नदीतून चौकीपर्यंत पाणी चढवायला त्यांनी एक जुना पंप दुरुस्त करायला घेतला होता आणि एका भागाला पर्याय म्हणून दुसरा कुठला चालेल हे त्यांना विचारायचं होतं. भारतात मिळेल असा सांग, ऐझॉलहून मागवता येईल. मी लॅपटॉप उघडून बघायला लागले. त्यांच्या मागे चौकीचं अंगण दिसत होतं. समितीची बैठक नुकतीच उठली असावी. माणसं घोळक्यानं उभी होती, इकडे एक घोळका, तिकडे एक. थांगला मी फोटोवरून ओळखलं. बिआक पाठमोरा होता.

आधी मला वाटलं, आमच्या ऑफिसचं एअरकंडिशन घरघरतंय. मग कळलं की आवाज तिकडून येतोय. अंगणातली सगळी माणसं वर बघत होती. कोणीतरी ओरडलं आणि सगळे धावले. अंगणाच्या कडेला एक लांब खड्डा खणलेला होता, त्यात भराभर उतरायला लागले. मामा मला म्हणाले, "थांब, ठेवू नकोस," आणि फोन खिडकीत टेकवून तेही गेले. कुबडीवर चालणारा एक म्हातारा मागे राहिला होता, त्याला त्यांनी काखेत धरून नेलं. अंगण रिकामं झालं. दोन वेगवेगळ्या जागी मांडलेली बाकं आणि वाऱ्यावर सरकणारं एक प्लॅस्टिकचं भांडं, एवढंच दिसत होतं. आवाज इतका वाढला की माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं वळून पाहिलं. विमान घिरट्या घालत राहिलं. मी डबा तसाच धरून बसले होते.

बॉम्ब पडला नाही. आवाज हळूहळू डोंगरापलीकडे गेला.

खड्ड्यातून पहिल्यांदा मामा वर आले. गुडघ्यांवरची माती झटकून त्यांनी खाली हात दिला आणि एकाला वर ओढलं. त्यानं पुढच्याला हात दिला. एकामागून एक माणसं बाहेर येत होती, अंगाला चिखल लागलेली, कोण वरचा कोण खालचा काही कळत नव्हतं. थांग वर आला. त्यानं न बघताच मागे हात केला आणि कोणाचा तरी हात धरून जोर लावला. वर आला तो बिआक. दोघं क्षणभर तसेच उभे राहिले, हात हातात. मग थांगनं वळून कोणाचा हात आहे ते पाहिलं, आणि बिआकनंही पाहिलं.

त्यांनी हात सोडले. दोघांनीही हात पँटला पुसले, चिखल होताच. थांग आपल्या लोकांकडे गेला, बिआक आपल्या. दोन्ही घोळके पुलाच्या दोन टोकांकडे चालायला लागले. मामा खड्ड्याशी उभे होते. ते एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे. फोनचं त्यांना आठवलंच नाही. मी इकडून हाक मारली, पण ती तिथवर पोचली नसावी. थोड्या वेळानं चित्र अडकलं.

त्यानंतर त्या खोऱ्याशी फोनवरून कोणाचाच संपर्क नाही. मामी ऐझॉलला सीमेवरून येणाऱ्या प्रत्येकाला भेटतात. कोणी म्हणतं पुलावर पुन्हा फाटक बसलं, कोणी म्हणतं पूलच पडला. मामांबद्दल विचारलं की येणारा माणूस आधी विचारतो, तुम्ही कुठल्या काठाच्या? आणि मामी सांगतात, दोन्ही. मग तो माणूस पुढे काही बोलत नाही.